नळावरचं बाकडं

अपमान झाला तो माझ्या आईचा. साल १९८४. गणपतीच्या आदल्या रविवारी, सकाळी, मरोळच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. अपमान करणारा माणूस बँकेत ऑफिसर होता, सोसायटीचा सेक्रेटरी होता, आणि हसत होता. हे सुरुवातीलाच लिहून टाकते. नेमकं कोणाचं काय बिघडलं ते कळलं नाही, असं नंतर कुणी म्हणायला नको.

पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. मखराचं काम चाललं होतं. थर्माकोल, डिंक, रंगीत कागद. सेक्रेटरी खुर्चीवर बसून कोणत्या दिवशी कुणाच्या हस्ते आरती ते ठरवत होते. त्यांना मी इथे सबनीस म्हणते. खरं नाव वेगळं आहे. आई त्यांच्या आणि तिथल्याच आणखी काही घरी पोळ्या करायची. त्या दिवशी पोळ्या उरकल्या, हात धुतले, खोचलेला पदर सोडला आणि मला घेऊन खाली आली. मी तेव्हा नववीत होते. सतरंजीच्या कडेला चपला काढून ती उभी राहिली. सतरंजीवर पाय ठेवला नाही.

आई मालवणकडची. घरात आणि चाळीत मालवणीच. सोसायटीत मात्र ती एकेक शब्द जपून बोलायची, परीक्षेला बसल्यासारखी.

म्हणाली, "साहेब, तो मटकेवाला तुम्ही तुमच्या गेटवरून हलवलात. तुमचं वर ऐकतात. आता तो आमच्या नळावर बसतो. तिथूनपण हलवा ना."

सबनीस आधी आजूबाजूला बघून हसले. मग आईकडे बघून.

"अहो बाई, लांब ठेवला तर तुमची माणसं लांब जाऊन खेळणार. मग चपला कशाला झिजवायच्या? दारातच आलाय, सोयच झाली की तुमची!"

लोक हसले. डिंकाचे हात वर धरून हसले. आमच्या आईच्या हातच्या पोळ्या खाणारे लोक.

"आणि हे बघा, खेळणारा खेळतोच. जागेचा काय दोष? घरात संस्कार लागतात." मग माझ्याकडे वळून, "तू शिकतेस ना गं? मग सांग आईला समजावून. आपल्या माणसाला आवरता येत नाही आणि निघाल्या सोसायटीला शिकवायला."

आई म्हणाली, "बरं साहेब."

चपला घातल्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. गेटपर्यंत तशीच चालत गेली. मी सांगितलं तेव्हा खाली बघितलं आणि चपला बदलल्या.

आज मी पत्रकं लिहिते. सायक्लोस्टाइल करते, नाक्यावर उभी राहून वाटते. पत्रकाच्या एका पानात हे सगळं मावत नाही. म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी मटका सांगते. आकड्यांचा जुगार. शून्य ते नऊमधला एक आकडा लावायचा. दुपारी एक आकडा फुटतो, तो ओपन. संध्याकाळी दुसरा, तो क्लोज. रात्रीचा बाजार वेगळा. चार आण्यांनीसुद्धा खेळता येतं. पैसे घेऊन चिठ्ठी फाडणारा माणूस बाकडं टाकून बसतो. आमच्या भागात जगन बसायचा. गोड बोलणारा. सगळ्या बायका त्याच्या वैनी, सगळे म्हातारे त्याचे मामा. धंदा त्याचा नव्हता. धंद्याचा मालक कुठेतरी लांब राहायचा, त्याला आम्ही पुढे एकदाच बघितलं.

जगन आधी सोसायटीच्या गेटवर बसायचा, कंपाउंडला लागून पानाची टपरी होती तिथे. सोसायटीपासून आमची चाळ पंधरा मिनिटांच्या वाटेवर. आई रोज कामाला तीच वाट चालायची. शनिवारी बाबा चालायचे.

बाबा आधी गिरणीत होते. संप झाला, गिरणीचा भोंगा बंद झाला तो झालाच, मग चाळीमागच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. बाबा मटका खेळायचे. मी लपवत नाही. शनिवारी पगाराचं पाकीट खिशात घालून गेटकडे निघायचे. पण त्या वाटेवर मच्छीबाजार लागायचा. एखाद्या कोळणीकडे बांगडा ताजा दिसायचा. पुढे देवळापाशी गाववाले भेटायचे, भजनाच्या गप्पा निघायच्या. आणखी पुढे गेलं की आईच समोरून यायची, काम आटपून. कितीतरी शनिवारी बाबा आकडा लावायला गेले आणि बांगडे घेऊन परतले. आई पिशवीत डोकावून विचारायची, "ह्यो खंयचो आकडो लागलो?" आणि बाबा हसायचे. बाबांना कुणी आवरत नव्हतं. ती वाट आवरत होती.

सबनीस साहेब, लांब असलं की माणसं लांब जाऊन खेळतात म्हणालात. माझा बाप अर्ध्या वाटेवरून परत यायचा. मी त्याच्या पिशवीतले मासे खाल्लेत.

आता तुमच्याकडचं. सबनिसांचा थोरला मुलगा तेव्हा कॉलेजात. त्याचं नाव मी घेणार नाही. आईने सांगितलंय, त्या घरात पोळ्या लाटताना जे कानावर आलं ते त्या पोराच्या नावासकट बाहेर न्यायचं नाही. नाव नेत नाही, गोष्ट नेते. गेटवर बाकडं असताना तो पोरगा येता-जाता आकडा लावायला लागला. कॉलेजची फी गेली. त्याची आई ओट्याला टेकून आमच्या आईसमोर रडली. मग सोसायटीची मीटिंग झाली. मीटिंगमध्ये सबनीस काय म्हणाले, ते त्यांनी जेवताना घरात पुन्हा सांगितलं, आणि आईने ते पोळी भाजता भाजता ऐकलं: "दारात असलं की मोह होतोच हो, पोरं आहेत शेवटी." कुणा ओळखीच्या साहेबाला फोन गेला. त्या आठवड्यात जगनला वरून निरोप आला, इथून उचल आणि मागे चाळीत जा.

जगन आमच्याकडे आला. आणि सबनिसांचा पोरगा सुटला. त्याला कुठल्या महाराजांकडे नेलं नाही, कुणी मारलं नाही. पंधरा मिनिटं चालत चाळीत यायचा त्याला कंटाळा आला. पुन्हा क्रिकेट खेळायला लागला.

म्हणजे यांच्या पोराला दारात असल्यामुळे मोह झाला. आणि आमच्या बापाला? त्याला संस्कार नव्हते म्हणून.

चाळीत जगनने जागा निवडली ती नळाशेजारची. हुशार माणूस. आख्ख्या चाळीला एक नळ, दुपारी पाणी यायचं, आणि आधी तासभर बायका लाइनीत. देवळात सगळे जात नाहीत, दुकानात सगळे जात नाहीत. नळावर यावंच लागतं. दिवसाच्या बाजाराचा ओपनही त्याच सुमारास फुटायचा. नळाच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे बाबांचा कारखाना. ओपन आला की जगन बाकड्यावर उभा राहून भिंतीवरून ओरडायचा. आत मशीनवरच्या माणसांना जागच्या जागी आकडा कळायचा.

पहिल्या महिन्यात फक्त पुरुष खेळले. मग लाइनीत उभ्या बायका खेळायला लागल्या. उभं राहून करायचं काय? जगन विचारायचा, "काय सुमनवैनी, रात्री सपनात काय बघितलं?"

सुमनकाकी आमच्या शेजारची. तोंडाने फटकळ. "तुझं थोबाड बघितलं रे मेल्या."

"मग आठ लावा. माझं तोंड आठचं."

लाइन हसायची. सुमनकाकी चार आणे काढायची. हसता हसता खेळ सुरू झाला, आणि दिवाळी यायच्या आधी चाळीत दुसरा विषय उरला नाही. कुणाकडे बाळ जन्मलं की वजनाचा आकडा. कुणाचा म्हातारा गेला की वयाचा आकडा. रिक्षाने ठोकलं तर रिक्षाच्या नंबरातला शेवटचा. घरात जे घडेल त्याचा आकडा काढायचा आणि नळावर लावायचा. चाळीतल्या लोकांना याचं काही वाटेनासं झालं. मलाही नाही. शाळेतून आले की मला विचारायचे, "आज गणिताच्या पेपरात किती?" मी सांगायचे, ते लावायचे.

बाबा रोज खेळायला लागले. ओपन, क्लोज, मग रात्रीचा. वाट उरली नव्हती ना. घर, नळ, कारखाना. मधे मच्छीबाजार नाही, देऊळ नाही, समोरून येणारी बायको नाही. विचार बदलायला माणसाला थोडी जागा लागते. ती जागाच काढून घेतली. त्या वर्षी आम्ही गणपतीला गावी गेलो नाही. माझ्या जन्मापासून पहिल्यांदा. एसटीचं भाडं नळावर गेलं होतं. म्हणून त्या रविवारी आई सतरंजीच्या कडेला जाऊन उभी राहिली. आणि "बरं साहेब" म्हणून परत आली.

पुढचं सांगते. दिवाळीच्या तोंडावर, दुपारी, बाबा मशीनवर होते. मी नळावर, हंडा घेऊन. ओपन फुटला. जगन बाकड्यावर चढला आणि भिंतीवरून ओरडला. ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे, कारण त्याच्या मागोमाग आतून दुसरी ओरड आली. बाबांनी आकडा ऐकायला मान वळवली होती. फक्त मान. हात प्रेसखाली होता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

कारखान्याच्या मालकाने लिहून घेतलं की कामगाराचं लक्ष नव्हतं. खरंच नव्हतं. लक्ष कोणी काढून घेतलं, ते लिहून घ्यायला कागद नव्हता.

बाबांना म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाळीतली माणसं भेटायला आली. मोसंबी घेऊन आली, बिस्किटं घेऊन आली. वाईट वाटलं होतं त्यांना, मी खोटं बोलणार नाही. पण प्रत्येक जण बाबांच्या तोंडाकडे बघायच्या आधी खाटेच्या पायथ्याकडे बघत होता. तिथे पत्र्याची पट्टी असते. पट्टीवर खाटेचा नंबर.

आईच्या लक्षात आलं. तिने बाबांचा पंचा त्या पट्टीवर टाकला. एकाने बोलता बोलता तो पंचा उचलून नीट घडी केली आणि पुन्हा ठेवला. मधे नंबर बघून घेतला. मग आई उठली आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. पट्टीला पाठ लावून. भेटीची वेळ संपेपर्यंत हलली नाही.

माणसं गेली. बाबांनी डोळे उघडले. हाताला हे एवढं बँडेज. मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"गो बाय, खाटेचो नंबर बघलंस?"

मी मान डोलावली.

"जगनाक जावन सांग. आज येतलोच तो."

माझा बाप. बांगडे आणणारा. स्वतःच्या तुटलेल्या बोटांवर आकडा लावायला सांगत होता, आणि त्याच्या डोळ्यांत लाज नव्हती, आशा होती. लाज असती तर मला बरं वाटलं असतं. मी आईकडे बघितलं. ती पट्टीला पाठ लावूनच होती. म्हणाली, "घरी जा. पाण्याची वेळ झाली."

मी नळावर गेले. लाइन लागली होती. जगन उठून उभा राहिला. आवाजात मध.

"कसा आहे बाबा? देव बरं करेल हां. खाट कितवी गं?"

मी हंडा खाली ठेवला.

"नाही सांगणार."

"अगं, भेटायला गेलेला मोहनदा एक नंबर बोलतो, दुसरा माणूस बोलतो वेगळाच. म्हणून विचारलं. तुझ्याकडनं पक्का."

सुमनकाकी म्हणाली, "सांग ना गं. लागला तर तुझ्या बापाच्याच औषधाला होतील."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "माझ्या बाबांची बोटं गेलीत. त्यांचा आकडा नाही करायचा."

एवढंच बोलले. पण आवाज एवढा मोठा निघाला की भिंतीपलीकडचं एक मशीन थांबलं. तो नंबर मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

तेवढ्यात आई आली. हॉस्पिटलातून तशीच. मी खाली ठेवलेला आमचा हंडा तिने उचलला आणि नेऊन ठेवला, जगनच्या बाकड्यावर. त्याच्या चिठ्ठ्यांवर.

इथे चाळीचा एक कायदा सांगायला हवा. नळावर ठेवलेलं भांडं म्हणजे माणूस. तुम्ही भांडं ठेवून घरी जा, भात लावा, पोराला दूध पाजा, तुमची जागा तुमचीच. हंडा नसेल तर डबा ठेवा, डबा नसेल तर वीट. दुसऱ्याचं भांडं कुणी हलवत नाही. नवरा-बायकोचं भांडण असो, पोलिसकेस असो, भांडं हलवायचं नाही. ज्या दिवशी भांडी हलायला लागतील त्या दिवशी नळावर मुडदे पडतील, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"वैनी, हंडा खाली घ्या," जगन म्हणाला.

आई म्हणाली, "नळावरचो हंडो कोण हलवणा नाय, जगना."

"वैनी, मस्करी नको. धंद्याचा टाइम आहे."

"माझ्या घोवाचो पण धंद्याचो टाइम होतो."

जगन चाळीतला नव्हता. त्याला पाण्याची लाइन कळत नव्हती. त्याला फक्त लाइनीतली गिऱ्हाइकं कळत होती. तिथे त्याने चूक केली. हंडा उचलला आणि खाली ठेवला. ठेवला कसला, आदळला. हंड्याला पोचा पडला.

लाइनीतल्या बायकांनी तो पोचा बघितला. मग सुमनकाकी पुढे आली. तिच्या कमरेच्या पिशवीत त्या क्षणाला त्या दिवसाची चिठ्ठी होती, हे मी शपथेवर सांगते.

"जगन, तू भांडं हलवलंस."

"अहो, बाकड्यावर ठेवला होता!"

"नळावर होता. आज हिचा हलवलास, उद्या माझा हलवशील. हे नाय चालणार."

तिने आपली कळशी बाकड्यावर ठेवली. तिच्या मागची पुढे आली, तिने बादली ठेवली. मग डबे, मग तेलाचे पत्रे, मग विटा. जगनला बसायला जागा उरली नाही. त्या बायका मटक्याविरुद्ध उठल्या होत्या का? नाही. पाण्याच्या कायद्यासाठी उठल्या होत्या. मी तेव्हा शिकले, माणसं जिथे आधीच ताठ उभी आहेत तिथून सुरुवात करायची. भाषण नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाकडं भांड्यांनी भरलेलं. तिसऱ्या दिवशीही. धंद्याचा मालक स्कूटरवरून आला. काळा चष्मा. त्याने बाकड्यावरच्या विटा बघितल्या, बायका बघितल्या, आणि खाली न उतरताच गेला.

मग बोलावणं आलं, सबनिसांकडून. आईला, आणि "त्या मुलीलाही घेऊन ये."

या वेळी पार्किंग नाही. घरात. सोफ्यावर बसा म्हणाले. आई उभीच राहिली, म्हणून मीही. सबनीस हसत नव्हते.

"तुमच्या मिस्टरांचं ऐकून वाईट वाटलं. पण हे तुम्ही काय चालवलंय? त्या माणसाला तिथून हुसकावलंत तर तो परत आमच्या गेटवर येईल. सोसायटीत तरुण मुलं आहेत. तिकडे होता तर काय बिघडत होतं? बसू दे ना त्याला."

स्वयंपाकघराच्या दारात सबनीसबाई उभ्या होत्या. त्यांचा थोरला आतल्या खोलीत. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लावली होती, ती बंद झाली.

आई काही बोलेल म्हणून मी थांबले. ती जमिनीकडे बघत होती. पुन्हा ते "बरं साहेब" येणार, हे मला तिच्या मानेवरून कळलं. मला ते ऐकायचं नव्हतं. आयुष्यात पुन्हा ऐकायचं नव्हतं.

मी म्हणाले, "काका, तुम्हीच म्हणालात ना, खेळणारा खेळतोच. जागेचा काय दोष. मग तो तुमच्या गेटवर आला तर तुमचं काय जातं? तुमच्या घरात संस्कार आहेत."

आतल्या दाराची कडी वाजली. कुणीतरी आतून लावून घेतली.

सबनिसांचं तोंड लाल झालं. त्यांना कळलं की मला माहीत आहे. आणि मी नाव घेणार नाही, हेही कळलं असावं, कारण त्यांना त्याचाच जास्त राग आला.

"उद्यापासून येऊ नका," ते आईला म्हणाले.

आईने मान वर केली. "येवचंय नाय," म्हणाली. त्या घरात पहिल्यांदा मालवणीत. चपला घातल्या. या वेळी सरळ.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मी गोड लिहायला बसलेली नाही.

जगनचं बाकडं आमच्या नळावरून गेलं. सोसायटीच्या गेटवर आलं नाही. तिथला फोन चालतो. ते गेलं आमच्यापलीकडच्या वस्तीत, टेकडीच्या बाजूला. तिथे तर नळही नाही, टँकर येतो. टँकर जिथे थांबतो तिथे बाकडं टाकलं. बाबा हॉस्पिटलातून आले, आठ बोटांचे. कारखान्याने त्यांना झाडू मारायला ठेवलं. ते अजून खेळतात. आता बाकड्यापर्यंत चालत जावं लागतं. कधी पोचतात, कधी अर्ध्यातून परततात. परततात तो दिवस आमच्या घरात सणाचा.

एका सकाळी वस्तीतली एक बाई आमच्या दारात आली. कडेवर पोर. चपला उंबऱ्याबाहेर काढून उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

म्हणाली, "ताई, तुमच्या नळावरचा आमच्याकडं आलाय. आमचा माणूस कधी खेळत नव्हता. तुम्ही हलवलात तसा आमच्याकडनंपण हलवा ना."

सुमनकाकी बाहेर भांडी घासत होती. तिचा हात थांबला. माझाही. तीच वाक्यं. तसंच कडेला उभं राहणं. फरक एवढाच की आता सतरंजीवर आम्ही होतो.

आईने त्या बाईला हात धरून आत ओढलं. चहा टाकला. मग पोचा पडलेला हंडा उचलला आणि मला म्हणाली, "चल. आता ह्यो हलवचो नाय. बंद करूचो."

त्याला चार वर्षं झाली. वस्तीच्या टँकरवर आमची भांडी आहेत आणि आमच्या नळावर त्यांची. आता बाकडं हलवा म्हणत नाही, बंद करा म्हणतो. बाकडं जिथे पडेल तिथे दोन्हीकडच्या बायका भांडी घेऊन बसतात. दोनदा मार खाल्लाय. एकदा पोलिसांनी आम्हालाच आत घेतलं, रस्ता अडवला म्हणून. बाकडं अजून आहे. कधी शाळेच्या गल्लीत, कधी दवाखान्यासमोर. जिथे माणसाला जावंच लागतं, तिथेच. आम्हीही आहोत.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरात बहुतेक नळ आहे, आणि तुमच्या गेटवर बाकडं नाही. कारण तुमच्यातल्या कुणीतरी फोन केला. तुमच्या पोरासाठी केला, बरोबरच केलं. आता मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या गेटवरचं बाकडं उचलून कुणाच्या दारात ठेवलंत? माहीत नसेल तर उठा, पंधरा मिनिटं चाला आणि बघून या. आणि मग तोच फोन पुन्हा उचला. या वेळी हलवा म्हणू नका. बंद करा म्हणा. फोन लागला नाही तर घरातलं एक भांडं घ्या आणि आमच्या लाइनीत येऊन ठेवा.

ते कुणी हलवणार नाही.